नाटकात ज्याला वाक्य नव्हतं

आधी त्यांनी अंगठी काढली.

उजव्या हाताची, जाड सोन्याची. बोट सुजलेलं होतं, निघेना. फिरवून फिरवून काढली आणि शेजारी उभ्या मुख्याध्यापकांच्या हातात दिली. मुख्याध्यापकांनी ती मुठीत धरली. मग आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या कानशिलात मारली.

मी फळ्यापुढे उभा होतो. समोर नववीचा वर्ग. माझा वर्ग. बोटांना खडू लागलेला. पहिली थप्पड बसली तेव्हा वाटलं कुठेतरी कपाट पडलं. दुसरी बसली तेव्हा कळलं, आवाज माझ्याच डोक्यात झाला. तिसरीला चष्मा गेला.

"कुणाच्या शाळेत उभा आहेस?" अध्यक्ष म्हणाले.

त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी माझ्या जातीचं नाव घेऊन शिवी दिली. जुनं नाव. माझ्या आज्याने टाकून दिलेलं. ती शिवी मी इथे लिहिणार नाही. ती त्यांच्या तोंडची आहे, माझ्या हातून पुन्हा उमटायची नाही.

मग त्यांनी टेबलावर एक गठ्ठा आपटला. मी काढलेल्या चित्रपुस्तकांचा. पोरांच्या दप्तरांतून ओढून काढलेली, कोपरे दुमडलेली, डब्याचं तेल लागलेली.

"फाड. पोरांच्या देखत. एकेक फाड आणि म्हण, माझं चुकलं."

मी फाडायला लागलो. पहिलं फाडलं. म्हणालो, माझं चुकलं. दुसरं फाडलं. म्हणालो, माझं चुकलं. तोंडात रक्ताची चव होती. पोरं खाली बघत होती. तिसरं हातात घेतलं आणि ते मधल्या पानावर उघडलं. तिथे हात थांबला.

त्या पानावर काय होतं ते कळायला मागचं सांगावं लागेल.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. गाव मराठ्यांचं, भातशेतीचं. ओढा ओलांडला की आमची बौद्धवाडी. बाप पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा, नंतर मुंबईला बिगारी कामाला जायचा. पण शिमग्यानंतरच्या जत्रेला तो गावात असायचाच, कारण जत्रेत नाटक व्हायचं.

नाटक दरसाल एकच. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, जुन्या भाषेतलं, पदांचं. राणीचा हार चोरीला जातो. आळ येतो घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरावर. राजा त्याला फटक्यांची शिक्षा देतो. नोकर मरतो. मग कळतं, हार प्रधानानेच लपवला होता. शेवटच्या अंकात राजा पश्चात्ताप करतो, राणीच्या मांडीवर डोकं ठेवून मोठं पद म्हणतो. माणसं डोळे पुसायची. नोकराची आठवण कुणी काढायचं नाही. त्याला नाटकात नावच नव्हतं.

नोकराचं काम गावात कुणी घ्यायचं नाही. ते आमच्या वाडीला दिलेलं. "तुमचा मान हाय तो," गाव म्हणायचं. बाप ते काम करायचा. मान खाली घालून यायचं, उभं राहायचं. राजा म्हणणार, "घेऊन जा याला." बापाने आत जायचं. आत ढोलावर काठी पडायची. मग शिपाई बाहेर येऊन म्हणायचा, "शिक्षा झाली, महाराज." बस. बापाला एकही वाक्य नव्हतं. तरी तो महिनाभर आधीपासून खुशीत असायचा.

मी चौथीत होतो त्या वर्षी वाडीने शिमग्याचे ढोल वाजवायला नकार दिला. दारोदार ढोल वाजवत फिरायचं आणि उरलंसुरलं पदरात घ्यायचं, हे बस झालं, असं वाडीत ठरलं. गावाला जाऊन सांगायचं काम बापावर आलं. त्याने सांगितलं. गावाने ऐकून घेतलं.

वाडीतले म्हणाले, "यंदा नाटकाला जाव नको."

बाप म्हणाला, "ढोल वेगळा, नाटक वेगळं."

त्या वर्षी लाइटचा भरवसा नव्हता म्हणून नाटक दुपारीच लावलं. ऊन स्टेजवर आडवं पडलेलं. आम्ही वाडीतली पोरं कडेला मातीत बसलो होतो. राजाच्या कामाला गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराचा मुलगा. तेव्हा चाळिशीचा असेल. तोच पुढे आमच्या खोऱ्यातल्या शाळेचा अध्यक्ष झाला.

बाप आला. मान खाली घालून उभा राहिला. राजाने म्हणायचं होतं, घेऊन जा याला. तो म्हणाला, "थांब."

सिंहासनावरून उतरला. बोटातली अंगठी काढली, प्रधानाच्या हातात दिली. प्रधानाने घेतली. मग राजाने सिंहासनामागून आसूड काढला. नाटकातला नव्हे, बैलांचा.

पहिला फटका पाठीवर पडला तेव्हा लोकांना वाटलं, यंदा नवीन प्रवेश घातलाय. टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. दुसरा मानेवर बसला. तिसरा कानावर. बाप गुडघ्यावर आला. राजा मारत होता आणि मारताना पद म्हणत होता. सदऱ्यातून रक्त वर आलं तेव्हा कुणी ओरडलं, "रंग भारी लावलाय."

मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, यंदा माझ्या बापाला मोठं काम मिळालं.

मग आई उठली. वाडीतल्या बायांमधून ती उठली आणि काही न बोलता स्टेजकडे धावत सुटली, तेव्हा माझे हात थांबले. बापाने समोर पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. त्याला वाक्य नव्हतं.

घरी सदरा पाठीला चिकटला होता. आईने कोमट पाणी टाकून टाकून सोडवला. बरोबर कातडी निघाली. बाप ओरडला नाही. वाडीतले तरुण काठ्या घेऊन दारात आले, तर म्हणाला, "नाटक होतं ते. जावा घरी." त्याचा एक कान कायमचा गेला. गावात मला भेटणारे म्हणायचे, "काय काम केलं रे तुझ्या बापानं." हसत म्हणायचे. मी पळून जायचो.

पुढे शिकलो. महाडला बहिणीकडे राहून बी.ए., मग बी.एड. चित्रं मला पहिल्यापासून यायची. आमच्याच खोऱ्यातल्या शाळेत तासिकेवर शिक्षकाची जागा निघाली. वरच्या खोऱ्यात यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला मिळाली. मुलाखतीला अध्यक्ष होते. गावाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. "बरं," म्हणाले. चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, विसरले. ज्याच्या हातात आसूड असतो त्याला विसरणं सोपं जातं.

मराठी शिकवायचो आणि चित्रकला. नववीची निम्मी पोरं वाचायची नाहीत. वाचता यायचं नाही असं नाही, अक्षर जुळवायची, पण धडा उघडला की डोळे विझायचे. त्यांच्या पाठ्यपुस्तकात जुन्या नाटकाचा उतारा असला की विचारूच नका. "सर, हे मराठी हाय?" असं एकाने विचारलं होतं.

म्हणून मी नाटकं चित्रांत काढायला घेतली. मुंबईहून येणाऱ्या पोरांच्या पिशवीत कॉमिक्स असायची तशी. कागदाच्या चौकटी पाडायच्या, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडाशी फुगे, फुग्यात वाक्यं. वाक्य नाटकातलंच ठेवायचं, पण फुग्यात मावेल एवढं. महाडला झेरॉक्स काढायची, मधोमध दुमडायची, पिना मारायच्या. पहिलं पुस्तक वाटलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं व्हरांड्यात डोक्याला डोकं लावून बसली होती. मोठ्याने वाचत होती. राजाचं वाक्य एक, राणीचं दुसरी. डबे तसेच.

त्यांच्यात ऋतुजा होती. अध्यक्षांची नात. आईबाप मुंबईला, ती पाचवीपर्यंत तिकडच्या इंग्रजी शाळेत, मग आजोबांकडे आणून ठेवलेली. मराठी वाचताना अडखळायची म्हणून वर्ग हसायचा, म्हणून ती वाचायचंच टाळायची. चित्रपुस्तक तिने पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, नेक्स्ट कधी?"

दोन-तीन नाटकं झाली. मग मी आमचं जत्रेचं नाटक घेतलं. घेणार नव्हतो. पण पोरांनी तेच मागितलं. जत्रेत बघितलेलं, पण त्यातलं अक्षर कळलेलं नव्हतं.

फटक्यांच्या प्रवेशाला मी नाटकात आहे तसंच केलं. नोकर पाठमोरा जातो. पुढच्या चौकटीत शिपाई. फुगा: शिक्षा झाली, महाराज. कच्ची पानं वर्गात दाखवली. ऋतुजाने बोट ठेवलं.

"सर, याचं तोंड कुठाय?"

"आत गेला तो."

"मग मारलं कुठं? दाखवलंच नाही. सगळ्यांची तोंडं आहेत, घोड्याचंही आहे."

वर्ग हसला. मी हसलो नाही.

त्या रविवारी मी काढायला बसलो. नाटक लिहिणाऱ्याला बरं असतं. एक माणूस आत पाठवायचा, ढोल वाजवायचा, झालं. चित्रात तसं होत नाही. मारायचं म्हटलं की पाठ काढावी लागते, पाठीवरचा वळ काढावा लागतो, आणि पाठ काढली की तोंड काढावं लागतं. मी तोंड काढलं. माझ्या बापाचं आलं. खोडलं, परत काढलं. परत तेच आलं. मग खोडलं नाही.

राजाचं तोंड मुद्दाम वेगळं ठेवलं. गोल चेहरा, मोठ्या मिशा. अध्यक्षांशी काही संबंध लागू नये असं. पण हात मला दुसरे येईनात. ते हात मी पाहिलेले होते. अंगठी काढणारे. चार पानं फटक्यांचीच झाली. शेवटच्या चौकटीत नोकर गुडघ्यावर, समोर बघतोय, तोंड उघडं. तोंडाशी फुगा काढला आणि रिकामा ठेवला. काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

पुस्तक वाटलं त्या दिवशी ऋतुजाने ते घरी नेलं. जेवताना आजोबांना वाचून दाखवलं. तिने आता वाचायला सुरुवात केलीय याचं घरात कौतुक होतं. वाचता वाचता ती म्हणाली, "आबा, हा पण तुमच्यासारखा आधी रिंग काढून ठेवतो. तुम्ही गड्याला मारता तेव्हा."

हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी शाळा भरताना सांगितलं. तिला वाटलं होतं आजोबा हसतील.

त्याच दिवशी पहिल्याच तासाला अध्यक्षांची जीप शाळेत आली.

तर तिसरं पुस्तक माझ्या हातात होतं आणि ते पान उघडं होतं. बाप माझ्याकडे बघत होता. तोंड उघडं. अध्यक्ष म्हणाले, "फाड."

मी म्हणालो, "नाही."

"काय म्हणालास?"

"हे फाडणार नाही. हा माझा बाप आहे."

त्यांनी हात उचलला. मी तो वरच्या वर धरला. एवढी वर्षं तो हात माझ्या स्वप्नात यायचा. धरला तेव्हा कळलं, म्हाताऱ्याचा हात आहे, हाडं आणि सैल कातडं. सहज मोडला असता. मी मोडला नाही. धरून ठेवला आणि पोरांकडे बघून बोललो. बापासारखं गिळलं नाही.

"यांनी माझ्या बापाला जत्रेत स्टेजवर आसुडाने मारलं. लोकांना वाटलं नाटक आहे. मला वाटलं नाटक आहे. नाटक नव्हतं."

एवढंच बोलून झालं. दारात अध्यक्षांचा पुतण्या आणि जीपचा ड्रायव्हर उभे होते. पुतण्याने फळ्याची लाकडी पट्टी उचलली आणि माझ्या मनगटावर घातली. हात सुटला. दुसरा घाव खांद्यावर. पट्टी मोडली, तर मोडकं टोक धरून त्याने मारलं. मी बाकांच्या मधे पडलो. ड्रायव्हरने पोटात लाथा घातल्या. पायाला धरून व्हरांड्यात ओढत नेलं. डोकं उंबऱ्यावर आपटलं. पुतण्या छातीवर पाय देऊन म्हणाला, "काढ आता चित्र. काढ."

मी त्याच्या पायाचा चावा घेतला. खरंच घेतला. मांस तोंडात येईस्तोवर सोडला नाही. तो किंचाळला आणि त्याने टाच माझ्या गळ्याखाली मारली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तोवर पोरं ओरडायला लागली होती. बाजूच्या वर्गांतली बाहेर आली. एवढ्या पोरांसमोर पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. जीप गेली. मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे होते, मूठ मिटलेली. अंगठी परत द्यायची राहून गेली होती.

महाडच्या दवाखान्यात मला दाखल केलं. वाडीतले सगळे आले. फिर्याद दिली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. चौकशीला डीवायएसपी शाळेत आले. मुख्याध्यापक म्हणाले, "मी त्या वेळी कार्यालयात होतो. काही पाहिलं नाही." दुसरे शिक्षक म्हणाले, आम्ही आपापल्या वर्गावर होतो. साहेब नववीत गेले. विचारलं. पोरं खाली बघत बसली. त्यांच्या बापांनी घरी बजावून ठेवलं होतं.

ऋतुजा उठली.

"माझ्या आजोबांनी मारलं," ती म्हणाली. "आधी रिंग काढली, हेडसरांकडे दिली. मग मारलं. नंतर काकांनी सरांना बाहेर ओढत नेलं."

साहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात तिला मुंबईला पाठवलं. तिचं काय झालं, तिला घरात काय भोगावं लागलं, मला कळलेलं नाही. ते मला रोज टोचतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी किंमत एका पोरीने मोजली, आणि ती त्या घरातली होती.

दवाखान्यातून घरी आलो. गळ्यात झोळी, उजवा हात बांधलेला. बाप ओट्यावर बसून होता. त्याच्या मांडीवर ते पुस्तक. कुणीतरी आणून दिलं होतं. तो हळू वाचतो, ओठ हलवत. फटक्यांच्या पानांवर बोट फिरवत होता.

"हा मी हाय काय रे?"

मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो. "हो, बाबा."

"लोक म्हणतील, नाटक हाय."

"आता नाय म्हणणार."

त्याने रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं. "यात काय नाय लिवलंस?"

"तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला ठाव नाय."

बापाने माझ्याकडे बघितलं नाही. ओढ्याकडे बघत बोलला. "मला म्हणायचं होतं, मारायचं तर मार. पण तिथं माझं पोर बसलंय. टाळ्या वाजवतंय. त्याला सांग, हे खरं हाय."

एवढी वर्षं. तो ज्या क्षणी समोर बघत होता, तो मला बघत होता. माझ्या हातांना. मला ओरडावंसं वाटलं. ओटा फोडावासा वाटला. जाऊन तो म्हाताऱ्याचा हात मोडून यावासा वाटला. मी तसाच बसलो आणि डाव्या हाताने फुग्यात ते वाक्य लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सगळ्या प्रतींत तेच छापलंय, सुधारलेलं नाही.

शाळेने मला काढलं. तासिकेवरच्या माणसाला काढायला काही लागत नाही. आता मी महाडला दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि रविवारी पुस्तकं घेऊन फिरतो. दासगावला वाचतो, शिवथरच्या बाजूला वाचतो, ज्या वाडीत बोलावतील तिथे. धनगरवाड्यावर वाचलं. कातकऱ्यांच्या पोरांनी तर पाठ करून नाटक उभं केलं, पुस्तक हातात न धरता. दोन गावांत मला वेशीवर अडवलं. एका ठिकाणी भाड्याच्या गाडीवर दगड पडले, समोरची काच फुटली. त्याच गावात दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. मराठ्यांच्या तीन पोरी आडोशाला येऊन पुस्तक मागून घेऊन गेल्या.

कोर्टात पुतण्या भेटला. लंगडत नव्हता, पण माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. म्हणाला, "आबा थकलेत. केस मागे घे. पर्मनंट करून घेतो तुला. मास्तर म्हणून सन्मानाने ये."

"पुस्तक?"

"ती चार पानं काढून टाक. बाकी वाट की खुशाल."

"ती चार पानं हेच पुस्तक आहे," मी म्हणालो.

"मग पुढच्या खेपेला तुझा हात जाग्यावर ठेवणार नाय," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, गर्दीत, हसत, जसं कुणी पावसापाण्याचं बोलावं.

मी तेही फिर्यादीत दिलं.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. खांदा वर जात नाही. उजवा हात थरथरतो, म्हणून रेघ जाड येते. जाड रेघेची मला आता सवय झाली. ती लांबून दिसते.

सध्या दुसरं एक जुनं नाटक घेतलंय. त्यात राजवाड्यात कट होतो. राणीचं ताट आधी दासीला चाखायला देतात. दासी चाखते आणि पडते. नाटकात एवढंच आहे: दासी पडते. मग राणी तिला ओलांडून पुढे येते आणि लांबलचक भाषण करते, आपल्या नशिबाबद्दल. शतकभर माणसं त्या भाषणाला टाळ्या वाजवत आलीत. पुस्तकांतून, परीक्षांतून, स्पर्धांतून तेच भाषण.

मी दासी काढायला घेतलीय. तिचे हात, तिचा घास, घशाखाली उतरताना तिच्या लक्षात येतं तो क्षण. तिची आई कुठे आहे, तिने सकाळी काय खाल्लं होतं, तिला कोणत्या नावाने हाक मारायचे. पानामागून पान तीच. ती मरेल, कारण नाटकात ती मरते. पण ती पडल्यावर चौकट बदलणार नाही. राणीला पाय उचलू देणार नाही मी. भाषण असेल तिच्याकडे कितीही मोठं, तिला तिथेच उभं राहून खाली बघावं लागेल.